कुंकू लावलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. दहा वर्षे मिशिगनमधल्या एका भिंतीवर काढली, पण माझ्यावर मिशिगन कुठेच नाही. माझ्यावर आहेत इस्राएल आणि त्याचे शेजारी. वर लेबनॉन आणि सीरिया, उजवीकडे जॉर्डन, खाली इजिप्त आणि डावीकडे पुष्कळसा निळा समुद्र.

१९७९ साली इजिप्त आणि इस्राएल यांच्यात तह झाला, त्या वसंतात माझा जन्म झाला. छापखान्यात माझ्यावर चार रंग चढले, आठ घड्या पडल्या आणि एका मासिकाच्या पोटात बसून मी नोव्हाय गावी त्र्यंबकरावांच्या घरी आलो. ते मोटारीच्या कंपनीत इंजिनियर होते. बेसमेंटमध्ये रेडिओच्या वर मला टाचण्यांनी लावू लागले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी शरयूबाई जिना उतरून आल्या.

"थांबा, नवी वस्तू आहे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या कोपऱ्याला त्यांनी कुंकू लावले.

"अगं, कागदाला कसलं कुंकू?"

"लग्नपत्रिका काय पत्र्याची असते?"

त्र्यंबकराव हसले. मग करंड्यात बोट बुडवून त्यांनी आणखी एक ठिपका लावला, खाली डिमोना या गावावर. तिथे सॅम्युअल नवगावकर राहत. अलिबागच्या शाळेत दोघे एका बाकावर बसत. सॅम्युअल मराठी बोलणारे ज्यू. त्यांचे कुटुंब इस्राएलला गेले, तरी पत्रे मराठीतच येत. "आपला माणूस कुठं आहे ते दिसलं पाहिजे," त्र्यंबकराव म्हणाले.

दुसरा माणूस शेजारीच मिळाला. नबील मूळचे लेबनॉनचे. रविवारी दुपारी ते रेडिओ ऐकायला येत. त्र्यंबक हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून ते 'ट्रिम' म्हणत. घरात ते नबीलकाका झाले होते. एकदा त्यांनी नबातिये शहराच्या जरा वर बोट टेकले. "माझी आई इथं आहे," ते म्हणाले. "गाव इतकं लहान की तुझ्या नकाशाला माहीतही नाही." मला खरोखरच माहीत नव्हते. ते गेल्यावर त्र्यंबकरावांनी तिथेही कुंकू लावले. तेव्हापासून ते गाव मला कळले.

माझे चांगले दिवस होते ते. एप्रिल १९८२ मध्ये इस्राएलच्या ताब्यातला सिनायचा वाळवंटी भाग इजिप्तला परत मिळाला, तेव्हा त्र्यंबकरावांनी माझ्यावरची जुनी सीमा खोडून नवी काढली. रेघा ते नेहमी पेन्सिलीने काढत. मुलगी कांचन त्यांना चिडवी, "बाबा, तुमच्यासाठी ते लोक बॉर्डर चेंज करतात का?" ती ॲन आर्बरला शिकत होती, शनिवार-रविवार घरी येई. तिला कुतूहल फार. ही रेघ तुटक का, हे गाव दोन नावांनी का, असे काहीबाही विचारत ती माझ्यासमोर उभी राही.

जूनमध्ये इस्राएलचे सैन्य लेबनॉनमध्ये शिरले. सॅम्युअलचा मुलगा रूबेन त्या सैन्यात होता. त्र्यंबकराव बातम्या ऐकत आणि पेन्सिलीची रेघ वर वर नेत. रूबेन कुठपर्यंत गेला असेल आणि नबीलची आई त्यापासून किती दूर आहे, हे ते सुतळीने मोजत. सुतळी रोज आखूड होत गेली.

पुढच्या रविवारी नबील आले. त्र्यंबकराव चहा करायला वर गेले. नबील माझ्यासमोर एकटेच उभे राहिले. खालून येणारी रेघ त्यांनी पाहिली, ती जिथे पोचत होती तो, इतके दिवस नजरेतून सुटलेला लाल ठिपकाही पाहिला. त्यांचा चेहरा बदलला. ते मागच्या दाराने निघून गेले. त्र्यंबकराव दोन कप घेऊन खाली आले, तर खोली रिकामी.

"काम आठवलं असेल," ते म्हणाले.

नबील पुन्हा खाली आले नाहीत. रस्त्यात हात हलवीत, थंडीत एकमेकांच्या दारासमोरचा बर्फही दोघे काढीत, पण घरात येणे थांबले. पुढच्या वर्षी त्यांची आई सुखरूप मिशिगनला आली. रूबेनही घरी पोचला. 'येतो, जेवतो, बोलत मात्र नाही,' असे सॅम्युअलनी लिहिले.

"अहो, एकदा विचारा ना त्यांना," शरयूबाई म्हणत.

"काय विचारायचं? त्याचं गाव होरपळलंय."

मग माझ्याकडे लक्ष कमी झाले. १९८७ च्या डिसेंबरात गाझा आणि वेस्ट बँकमधल्या लोकांनी उठाव केला. त्र्यंबकराव पेन्सिल घेऊन माझ्यासमोर आले. पुढे सरकवायला रेघ कुठलीच नव्हती. पेन्सिल त्यांनी रेडिओवर ठेवली, ती तिथेच राहिली.

१९८९ च्या फेब्रुवारीत ते गेले. हॉस्पिटलमध्ये त्यांनी कांचनला विचारले होते, "नबीलला माझं काय लागलं असेल गं?" हे मला नंतर, ती नबीलशी बोलली तेव्हा कळले. वडिलांनी तिच्याकडे सोपवलेला तो शेवटचा प्रश्न होता.

दहाव्या दिवशी ती मला भिंतीवरून काढत होती. नबील मसूर-भाताचे झाकलेले भांडे घेऊन जिना उतरले. माझ्याकडे पाहून थबकले.

"ते लाल अजून आहे."

"कुठलं, काका?"

"माझ्या गावावरचं. सैन्य येत होतं आणि ट्रिमनं माझ्या आईच्या गावावर लाल खूण केली होती. माझं घर त्याच्यासाठी बातमी झालं, असं वाटलं मला."

कांचनने मला टेबलावर पसरले. वर गेली आणि आईचा करंडा घेऊन आली. माझ्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे बघा, तुमच्या गावावरचंही हेच कुंकू आहे. आई नवीन वस्तूला लावते. तुमच्या स्टेशन वॅगनलाही लावलं होतं, आठवतं?"

नबीलनी माझ्या कोपऱ्यावरचा लाल रंग बोटाने चाचपला. "ते मी पेट्रोलनं पुसलं. मला वाटलं, पोरांनी रंग सांडला."

"बाबांनी आपल्या माणसांच्या गावांना लावलं. हे सॅम्युअलकाका, त्यांच्या शाळेतले. ही तुमची आई."

नबीलनी अंगठा एका ठिपक्यावर आणि करंगळी दुसऱ्यावर टेकवली. मध्ये एक वीतसुद्धा अंतर नव्हते. हात तसाच ठेवून ते खुर्चीवर बसले. "सात वर्षं," ते म्हणाले. "आणि मी त्याचा बर्फ काढत होतो."

"त्यांनी मला विचारलं होतं, तुम्हाला काय लागलं असेल म्हणून."

"मग मलाच का नाही विचारलं?"

"तुम्ही तरी कुठं विचारलंत?" कांचन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. करंडा बंद करून ती म्हणाली, "चहा करते. या वेळी थांबा."

ती दोन कप घेऊन खाली आली, तेव्हा नबील तिथेच होते.

मित्रांनो, आता मी ॲन आर्बरला कांचनच्या खोलीत असतो. माझ्या सीमा जुन्या झाल्या आहेत, घड्यांवर चार नावे झिजून गेली आहेत. मला उलगडाल तेव्हा हलक्या हाताने उलगडा. आणि कुणाच्या नकाशावर आपल्या गावाला खूण दिसली, तर ती कसली आहे ते त्यालाच विचारा, चहा गरम आहे तोवर. तो ठिपका कसला, हे मला ठाऊक होते. पण मी नकाशा, मला सांगता येत नव्हते. त्र्यंबकराव आणि नबील, त्या दोघांना येत होते.