‘दा’ कुणाचा?

एमिलचं जावळ काढायचा दिवस उजाडला तरी इलिंकाच्या जिवाला थारा नव्हता. पोर वर्षाचं झालं, तोंडातून शब्द नाही. बोलेल मेला कधीतरी, त्याची घाई नव्हती. पण त्याला ऐकू तरी येतं का, हा किडा तिचं डोकं पोखरत होता. पाठीमागून टाळी वाजवली की तो कधी वळायचा, कधी नाही. वळायचा तेव्हा भिंतीवर तिची सावली हललेली असायची. हे सांगायला गेलं की सगळे तिलाच वेड्यात काढायचे. घरात तिची आई रोमानियन बोलणार, सासरे जर्मन, आणि धर्मपिता फुल्वियो ऊठसूट येऊन इटालियन पाजळणार. पोर गोंधळणार नाही तर काय! रोमानियातल्या या तिमिश्वारा शहरात अशी घरं पैशाला पासरी, आणि सगळ्यांची पोरं उशिराच बोलतात म्हणे.

फुल्वियोनं कात्रीनं पहिली बट कापली. मग एमिलपुढे ताट आलं: कंगवा, पेन, चमचा, चाव्या. जे उचलेल ते त्याचं नशीब. एमिलनं कंगवा उचलला, वर धरला आणि स्वच्छ म्हणाला, “दा.”



“हो म्हणाला!” इलिंकाची आई वेतुरिया किंचाळलीच. “आपल्या रोमानियनमध्ये ‘दा’ म्हणजे हो. कंगवा पसंत पडला माझ्या राजाला!”

“हो कसलं डोंबलाचं, विहीणबाई,” सासरे माथियास म्हणाले. “‘हा इथे’ म्हणतोय तो. आमच्या जर्मनमध्ये ‘दा’ म्हणजे इथे. सरळ माझ्याकडे बघून म्हणाला.”

“तुमच्याकडे? तुमच्या मिशांना घाबरतो तो!”

“भांडा तुम्ही,” फुल्वियो कात्री नाचवत म्हणाला. “इटालियनमध्ये ‘दा’ म्हणजे दे. कात्री मागतोय माझ्याकडे. पोरगं माझ्या बुटांच्या कारखान्यात येणार.”

“येतंय!” वेतुरिया म्हणाली. “तिथं काम करून माझ्या भावाची कंबर गेली.”

इलिंका हसत होती आणि डोळे पुसत होती. आपलं चुकलेलं असू दे, तिनं मनात घोकलं, या एकाच बाबतीत तोंडघशी पडू दे. पण पाय काही एका जागी ठरेनात. ती ताटाभोवती उगाचच घिरट्या घालत राहिली.

एमिलच्या पाठीमागे फुल्वियोनं फेसाळत्या वाइनची बाटली उघडली. बूच बंदुकीसारखं उडालं. वेतुरियानं छातीवर हात मारला, माथियासांच्या हातातला पेला हिंदकळला.

एमिल कंगवा चावत होता.

“बाबा,” इलिंका म्हणाली, “तो दचकला नाही.”

“खेळात आहे गं.”

“बघा ना त्याच्याकडे. तुम्ही सगळे शब्दाकडे बघताय.”

माथियासांना राग आला. आनंदाच्या दिवशी सून असं अभद्र बोलते म्हणजे काय! “थांब, तुझा संशय एकदाचा फेडतोच,” म्हणत त्यांनी स्वयंपाकघरातून दोन मोठी झाकणं आणली, दबकत नातवाच्या मागे गेले आणि आपटली. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. त्यांनी पुन्हा आपटली. मग शहाण्या माणसाला शोभणार नाही अशी, वेड्यासारखी आपटत सुटले.

एमिलनं कंगवा टाकला आणि चाव्या उचलल्या.

झाकणं माथियासांच्या हातात लोंबत राहिली. इतकी भीती वाटत असूनही इलिंकाला हलकं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली. महिनाभर ती हे एकटीच बघत आली होती.

“मग तो दा?” फुल्वियोनं हळूच विचारलं.

“जीभ हलवली, आवाज निघाला,” ती म्हणाली. “कुणाचाच नाही.”

वेतुरियाचा बांध फुटला. ती नातवासमोर बसून हुंदके द्यायला लागली. तिचं तोंड बघून एमिलचा खालचा ओठ बाहेर आला.

“आई,” इलिंका म्हणाली, “पलीकडे तोंड करून रड. बघतोय तो.”