घड्याळजीच्या भिंगाने पाहिलेलं मृत्युपत्र

मी एक जुनं भिंग आहे, मित्रांनो. घड्याळजी डोळ्याला लावतात ना, तेच. कारखान्यात काच घासताना फार गुदगुल्या झाल्या, एवढंच मला जन्माचं आठवतं. पुढे चाळीस वर्षं एका घड्याळजीच्या भुवईखाली काढली. मोहरीएवढं चाक मी त्याला ताटाएवढं करून दाखवायचो. गिऱ्हाइकं त्याची वाहवा करायची आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

मला जवळचं मोठं दिसतं आणि लांबचं सगळं धुक्यात. त्या धुक्यात दुपारभर टिकटिक चाले आणि माझ्या मालकाची बहीण फिरत असे. केस पिकले तरी सगळे तिला चिमणीच म्हणत. घड्याळांना किल्ली ती द्यायची, गिऱ्हाइकांना दटावायचीही तीच. "घड्याळ बरं होईल हो, पण ते घालून पोहायला कुणी सांगितलं होतं?" ऐकता ऐकता माझी तंद्री लागायची.

मग मालकाचा हात थरथरू लागला. मी खिशात जाऊन पडलो. खिशात फार एकटं वाटतं हो.

मालकाला मात्र वेगळाच घोर लागला होता. दुकान आणि वरच्या दोन खोल्या त्याच्या एकट्याच्या नावावर. चिमणीनं लग्न केलेलं नाही, जायला दुसरं घर नाही. "मी गेल्यावर तिला कुणी ऊठ म्हटलं तर?" असं तो आरशापुढे दाढी करताना पुटपुटायचा.

पुतण्या त्याला मृत्युपत्र करायला आपल्या ओळखीच्या वकिलाकडे घेऊन गेला. गुबगुबीत खुर्च्या, गारेगार खोली. वकीलसाहेब सगळा वेळ पुतण्याशीच बोलले आणि तयार कागद पुढे सरकवला. मालकानं मला बाहेर काढलं. कितीतरी दिवसांनी! आम्ही दोघांनी ओळ न् ओळ वाचली. सगळं पुतण्याच्या नावावर होतं.

"यात चिमणी कुठे आहे?"

"आत्या होय? ती आपल्यातच आली की, काका."

"कागदावर कुठे आली, ते दाखव."

पुतण्या वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. मालक सही न करताच उठला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

दुसरी वकील एका बेकरीच्या माडीवर बसायची. खोलीभर पावाचा वास. तिनं पुतण्याला हसून बाहेरच्या बाकावर बसवलं आणि दार लावलं.

"आता बोला. काय मनात आहे?"

मालक खूप वेळ बोलला. सगळं चिमणीला द्यायचं, दुकानसुद्धा.

"आणि त्या तुमच्याआधी गेल्या तर?"

हा विचार मालकाच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

"त्यांना काय हवंय, ते विचारलंत?"

"तिला काय विचारायचं? बहीण आहे माझी."

"विचारून या. मग लिहू."

आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी वकील त्यानं पहिल्यांदाच पाहिली. "करायचं तर हिच्याकडेच," तो जिना उतरताना म्हणाला.

घरी चिमणी भाजी निवडत होती. त्यानं विचारलं, तशी ती थांबली.

"दुकान नको मला, दादा. तू नसताना ती टिकटिक मला खायला उठेल. वर राहू दे मरेपर्यंत, बस्स. मग सगळं आपल्या त्या उतावळ्या पोराला जाऊ दे."

"आणि तू आधी गेलीस तर?"

"मग माझंही मृत्युपत्र करायला हवं. माझ्या मालकीचा तूच एक. तुला कुणाच्या नावावर करू, तेवढं वकीलबाईंना विचारून ये."

मालक खो खो हसला. मग त्यानं मला उगाचच डोळ्याला लावलं आणि मी चिंब भिजलो. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू?

आठवड्याने, चिमणी म्हणाली तशाच मृत्युपत्रावर सही झाली. साक्षीला शेजारचा चांभार आणि औषधांच्या दुकानातली बाई होती. दोघांनाही त्यातलं काही मिळायचं नव्हतं. वकीलबाईंनी आधी सगळं मालकाकडून वाचून घेतलं, माझ्यातून. 'माझी बहीण' हे दोन शब्द मी होतं नव्हतं तेवढं बळ लावून मोठे केले.

मित्रांनो, काचेची काळजी घ्यायला मऊ फडकं पुरतं. माणसाची काळजी घ्यायची, तर आधी त्याला विचारा. ते समोर भाजी निवडत बसलंय, तोवरच विचारा.