तणाची देवी

कौसल्याबाईंची सून स्वरूपा आदिलाबादची. मुलाचा, विक्कीचा, ट्रक तिकडे जायचा, तिथंच दोघांचं सूत जुळलं. सासरी, पांढरकवड्यात, नवरात्रातली तिची ही पहिलीच अष्टमी, म्हणून माहेरची बतुकम्मा, म्हणजे फुलांची देवी, मांडायला बसली. आता देवीला झेंडू वाहावा, कमळ वाहावं. पण ह्या पोरीनं शेतातून ओढणी भरून आणलं काय, तर कुर्डू! सोयाबीन निंदताना उपटून बांधावर फेकतात तेच तण. ताटात त्याचे थरावर थर रचून उतरंडीएवढं उंच केलं अन् माथ्यावर हळदीची गौर बसवली.

"आई, हिच्याभोवती बायका फेर धरतात, गाणी म्हणतात. एकटीनं शोभत नाही. गल्लीत सांगून याल?"

"सांगतो न."

कौसल्याबाई निघाल्या खऱ्या, पण शेजारच्या हंसाबाईचं दार आलं अन् जीभच रेटेना. लोक म्हणतील, कौसल्येच्या घरी तण पुजून राह्यले! देवळाच्या ओट्यावर तासभर बसल्या, परत आल्या अन् खुशाल सांगून मोकळ्या झाल्या, "कोणी येत नाही म्हणे. सगळ्याइले कामं हायेत."

स्वरूपानं नैवेद्याचा चिंचेचा भात झाकून ठेवला अन् अंगणात देवीभोवती एकटीच टाळ्या वाजवत फिरू लागली. तेवढ्यात देवळाकडे निघालेल्या बायका फाटकाशी थांबल्या.

"काहून वो कौसल्याबाई," हंसाबाई ओरडल्या, "एवढं मोठं केलं अन् आमाले साधं बलावलं नाही?"

बाप रे! कौसल्याबाईंचं तोंड एवढंसं झालं.

"मीच नको म्हटलं काकू," स्वरूपा चटकन बोलली. "गाणी तेलुगू, तुम्हाला कंटाळा येईल वाटलं. या ना."

"वा वो! भुलाबाईची गाणी म्हणतो, मंग इची काहून नाही?" बायका आत शिरल्या, फेर भरला. कौसल्याबाई मात्र भिंतीला चिकटून उभ्या. चार शिव्या खाल्ल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटत होतं.

देवी तळ्यात सोडून परतल्यावर सुनेनं गौरीची हळद पुढं केली. घरच्या थोरलीनं ती मंगळसूत्राला लावायची.

"मी कोणालेच सांगतलं नव्हतं, पोरी."

"माहीत आहे, आई. पाण्याला गेले तेव्हा ओट्यावर बसलेल्या दिसलात तुम्ही मला."

"मंग भांडली काहून नाही माह्याशी?"

स्वरूपानं मान खाली घातली. "भांडणार होते. पण बायकांपुढं तुमचीच लाज वाटली मला."

कौसल्याबाईंनी हळद लावली. सुनेच्या तोंडाकडे बघायची हिंमत काही त्यांना झाली नाही.