नरहररावांचा डेलिया

पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, कुणाचा डेलिया किती मोठा, यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलणं टाकायचा. नरहररावांच्या डेलियाबद्दल मात्र वादच नव्हता. माणूस कारखान्यात फिटर, पण जीव सगळा क्वार्टरच्या मागच्या अंगणात. बी पेरून, निवडून निवडून त्यांनी हा एक डेलिया घडवला होता. पिकल्या जांभळाचा रंग, पाकळीच्या कडेला पांढरी रेघ. असा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. "तुझ्या लग्नातल्या शालूचा रंग आहे," असं ते शशिकलाबाईंना एकदाच म्हणाले, तेही पाठमोरे, झारीनं पाणी घालता घालता. तेवढ्या एका वाक्यावर बाईंनी आख्ख्या संसाराची कुरकुर माफ करून टाकली.

मग नरहरराव गेले. मुलगा विनायक त्याच कारखान्यात होता, म्हणून क्वार्टर राहिलं. दागिने सुनेच्या अंगावर गेले, देवघरही सुनेकडे गेलं. बाईंचा म्हणावा असा तो डेलिया तेवढा उरला. उन्हाळ्यात त्याचे कंद वाळूत जपायचे, पावसाळा सरला की लावायचे आणि थंडीत नवरा भेटल्यासारखं त्याच्याकडे बघत बसायचं. लोक हसतात तर हसोत.

संक्रांतीचं हळदीकुंकू सुनेचं, वसुधाचं. बाई स्वयंपाकघरात दूध आटवत बसायच्या. बाहेर येऊ नका असं कुणी म्हणालं नव्हतं, म्हणायची गरजही नव्हती. पण त्या वर्षी वाण काय द्यायचं ते बाईंनी ठरवलं. प्लास्टिकचे डबे वाटून वाटून बायकांची कपाटं भरली होती. बाईंनी आपल्या डेलियाचे फुटवे काढून आधीच छोट्या कुंड्यांत लावले होते. इकडे हिंदी मुलखात कुंडीला सगळे गमलाच म्हणतात. एकेक गमला एकेकीच्या हातात पडला. "अगं बाई, हा तोच ना, काकांचा?" असं बाहेर कुणीतरी म्हणालं आणि आत बाईंचा ऊर भरून आला. हळदीकुंकवाला नाही बसता आलं, पण त्यांचं फूल तरी बसलं होतं.

थंडी ओसरायला लागली तशी एकेक बाई दारात येऊ लागली. "काकू, पानं आकसली हो." "आंटी, कली खुलती ही नहीं." बाईंनी खत सांगितलं, राख सांगितली, ताक शिंपडायला सांगितलं. त्यांच्या स्वतःच्या वाफ्यातही पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या होत्या, पण फुलं येत होती, म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला. आपल्या पोराला ताप आलाय हे आईला पटकन मान्य होत नाही.

शेवटी टाउनशिपच्या बागेचे दुबेसाहेब आले. त्यांनी पान उलटं केलं. खाली मावा चिकटला होता, बारीक हिरवा, दाटीवाटीनं. "माताजी, या किड्यानं रोग आणलाय. झाडाच्या अंगात भिनलाय, कंदातसुद्धा. तुम्ही रोपं दिलीत, त्यांच्याबरोबर रोगही गेला. याला औषध नाही. मुळासकट उपटा आणि जाळा. नाहीतर हाच किडा इथलं चोखून तिथल्या झाडाला देत राहील."

झालं. जिनं जिनं वाण घेतलं होतं तिच्या घरचा डेलिया गेला. बायका चांगल्या होत्या, कुणी बोललं नाही. पण हसणं आखडतं झालं, ते बाईंना कळल्याशिवाय कसं राहील?

मग त्यांना कुसुम आठवली. शेजारची कुसुम गेल्या उन्हाळ्यात मिसरोदला राहायला गेली, तेव्हा निरोपाला बाईंनी तिला कंद दिला होता, रोग यायच्या आधीचा. त्यांनी फोन केला. "छान आहे गं," कुसुम म्हणाली, "पान हिरवंगार. ये बघायला. फुलं सरली की कंद काढू, अर्धे तुझे."

बाईंच्या जिवात जीव आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपला वाफा उपटायला घेतला. झाडं जाळायची होती, त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. पण फुलं? ती तर चांगली दिसत होती. नरहररावांच्या हातची फुलं आगीत टाकायची? आणि कुसुमकडे काय हात हलवत जायचं? त्यांनी लांब देठांनी, पानांसकट फुलं कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि बस धरली.

कुसुमच्या ओट्यावरचा डेलिया बघून त्यांना रडू आलं. पानावर डाग नाही, शिरा स्वच्छ. कुसुमनं फुलं तांब्यात घातली आणि तांब्या हौसेनं त्याच कुंडीला टेकवून ठेवला. दोघी तिथेच बसून चहा प्यायल्या. कितीतरी दिवसांनी बाई पोटभर बोलल्या.

उन्हाळा लागला तेव्हा बाई कंद आणायला पुन्हा मिसरोदला गेल्या. कुसुमचा चेहरा पडला होता. "उन्हानं असेल," ती म्हणाली. बाईंनी पान उलटं केलं. खाली मावा होता. शेंड्याची कोवळी पानं आकसलेली, शिरा पिवळ्या.

"उन्हानं नाही, कुसुम. मी आणलेल्या फुलांनी."

"काहीतरीच काय बोलतेस, फुलांनी कुठं असं होतं?"

"त्यांच्या देठांवर हा किडा होता. मला सांगितलं होतं, तरी मी आणली."

बाईंनी झाड उपटलं. खाली कंद भरलेला, रताळ्यासारखा गुबगुबीत. बघून कुणी म्हणणार नाही की याच्यात काही आहे. बाई तो हातात घेऊन बसून राहिल्या. घरी न्यावा, एकदा लावून बघावा, कोण विचारतंय? कुसुमही तेच म्हणाली. "ने गं. एवढा एकच तर आहे."

"इथे ठेवला तर ओट्याला लागून शेजारणीचा डेलिया आहे," बाई म्हणाल्या. "आणि तिकडे नेला तर माझ्या क्वार्टरच्या रांगेत आता कुठे बायका पुन्हा लावायचं म्हणतायत."

परसात पाणी तापवायची चूल होती. बाईंनी झाड आत सारलं, मग कंद. ओला होता, लवकर पेटेना. त्या काटकीनं तो आत ढकलत राहिल्या. कुसुमनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"ते गेले तेव्हा वाटलं होतं, एवढं तरी मागे राहिलं," बाई म्हणाल्या. "आता ते खरंच गेले."

कंद जळेपर्यंत त्या चुलीसमोरून उठल्या नाहीत.