ठकूबाईचा डावा विळा

मी विळा. पासलीच्या ठकूबाईचा. तोंडात आता दात उरले नाहीत, तेव्हा बोलणं जरा घसरट लागलं तर चालवून घ्या. आणि गंजलोय म्हणून कीव करत बसू नका. गंज कुणाला चुकलाय? मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

भात कापायच्या विळ्याला दात असतात, हे शहरातल्या माणसाला ठाऊक असेलच असं नाही. करवतीसारखे बारीक, मुठीकडे कललेले. लोहार ते पात्याच्या एकाच अंगाला पाडतो, दुसरं अंग सपाट ठेवतो. उजव्या हातानं कापणाऱ्याला दात ज्या अंगाला लागतात, डाव्या हाताच्या माणसाला ते बरोबर त्याच्या उलट अंगाला लागतात. जगात बहुतेक माणसं उजवी, म्हणून विळेही उजवेच. मी डावा. अख्ख्या वेल्हे तालुक्यात माझ्यासारखा दुसरा असेल तर मला तरी अजून भेटलेला नाही.

ठकूबाई डावखुरी. नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिनं डाव्या हातानं वाढलेलं ताट सासूनं परत पाठवलं होतं. मग जेवण, वाढणं, हळदीकुंकू सगळं तिनं उजव्या हातावर आणलं. कापणीला मात्र हात काही वळेना. उजवा विळा डाव्या हातात धरून ती कापायची, आणि भात तुटायचं कमी, उपटून यायचं जास्त. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. शेवटी एक दिवस पदर खोचून ती भिमा लोहाराच्या भट्टीपुढं जाऊन उभी राहिली.

"मला डावा इळा पायजे."

"डावा इळा?" भिमा हसला. "आगं बाय, आजवर कुनी मागितला न्हाई आन म्या केला न्हाई."

"मग आता करा. मी बसते हितं."

आणि बसली की! पहिला विळा सवयीनं उजवाच झाला. भिमानं कपाळावर हात मारला, शिवी हासडली आणि तो परत भट्टीत घातला. मग जो झाला तो मी. तापलेलं पातं त्यानं पाण्यात बुडवलं, चर्र झालं आणि अंगात टणकपणा आला. त्याला आमच्यात पाणी देणं म्हणतात. ठकूबाईनं मला डाव्या हातात धरून नुसतं हवेत फिरवलं आणि अशी हसली, की आपण जन्माला आलो ते बरं झालं असं मला वाटलं.

आमच्याकडे भात कापायला इर्जिक घालतात. आज एकाच्या भातखाचरात सगळ्या घरांचे हात, उद्या दुसऱ्याच्या. ज्यानं आपला हात दिला, त्याचा हात हिशेबात धरायचा, आणि त्याच्या शेतात बाकीचे हात येणार. सगळे ओळीनं उभे राहतात, प्रत्येकानं आपल्या पुढची पट्टी कापत जायची. तिला पात म्हणतात. ठकूबाईची पात नेहमी बांधाच्या कडेची, कारण तिचं डावं कोपर शेजारणीला लागायचं. पण पल्याडच्या बांधाला सगळ्यात आधी पोचायची ती ठकूबाईच. मग कंबरेवर हात ठेवून मागं बघायची आणि ओरडायची, "आगं चंद्रे, येतीस का तुला आनायला गाडी पाठवू?" ही चंद्राबाई तिच्याच वयाची, लई फटकळ. ती तिथूनच जोरात काहीतरी हाणायची. ते इथं सांगण्यासारखं नाही.

नवरा गेला, तरी ठकूबाईचा हात थांबला नाही. लेक सोमनाथ वरवे बुद्रुकला एका लहान कारखान्यात लागला, तिथंच त्यानं बिऱ्हाड केलं. दर सुट्टीला येऊन एकच पालुपद. "आई, खाचरं दे कुनाला तरी वाट्यानं. चल माझ्याकडं."

ठकूबाईचं उत्तरही ठरलेलं. "माझा हात चालतोय तवर न्हाई. इर्जिकीत ज्या दिशी माझा हात धरायचं सोडतील, त्या दिशी तू नेशील तिकडं यीन."

हे तिनं चार माणसांत सांगितलं होतं. म्हणजे बघा, तिचं घर, तिची खाचरं, पासलीतलं तिचं सगळं माझ्या पात्यावर टांगलेलं होतं. मला त्याचा लई तोरा होता.

भिमा लोहार वारला. त्याची पोरं टेम्पो चालवतात, भट्टीच्या जागी आता टेम्पो उभा असतो. माझे दात झिजत आले. ठकूबाई ओढ्यावरच्या दगडावर मला घासायची, त्यानं थोडं भागायचं, पण दगड म्हणजे लोहार नव्हे. गेल्या कापणीच्या तोंडावर ती मोबाईलवर सोमनाथला सहज बोलून गेली, "इळा बसलाय रं बाबा आता." एवढंच. तिनं काही मागितलं नव्हतं.

पण पोरगं मायेचं. कापणीसाठी रजा टाकून आलं आणि आईला न विचारता मला पिशवीत घालून मोटारसायकलवरून थेट सारोळ्याला घेऊन गेलं. हायवेला धार लावायचं नवीन दुकान झालं होतं. बाहेर हा मोठा बोर्ड, आत चकचकीत मशीन, भिंतीला हॉटेलवाल्यांच्या सुऱ्या टांगलेल्या. कुठं पासली आणि कुठं सारोळे! आईसाठी एवढी वाट तुडवणारी लेकरं किती असतात? म्हणून सांगतो, त्याला नावं ठेवू नका.

दुकानदारानं मला उलटं केलं, सुलटं केलं. "हा इळा उलटा बनवलाय की ओ. लोहाराची चूक हाय. दात भलत्याच अंगाला."

सोमनाथनं मला हातात घेतलं. उजव्या हातात. दोनदा हवेत फिरवलं. "व्हय की. म्हनूनच आईला कापाय जड जातंय."

"सरळ करून देऊ? एकदम ब्लेड करून देतो."

"करा की!"

अरे बाबा, तुझी आई कुठल्या हाताची? तिनं जन्मभर तुला उजव्या हातानं भरवलं, उजव्या हातानं तीट लावली. डावा हात फक्त खाचरात काढला. आणि खाचरात तू कधी तिच्या हाताकडं बघितलंस? मी ओरडत होतो. लोखंडाचं कोण ऐकतंय!

मशीनचं चाक फिरलं. ठिणग्यांचा पाऊस पडला. भिमानं पाडलेले दात माझ्या डोळ्यांदेखत भुगा होऊन खाली पडले. मग दुसऱ्या अंगाला, जे सपाट राहायला हवं, तिथं त्यानं धार काढली. पातं तापून निळं पडलं, भिमानं दिलेलं पाणी उतरलं. वरून तेल चोपडलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं. सोमनाथला मी आरशासारखा दिसलो. लई खूश झाला.

"आई, बघ काय झालाय इळा!"

ठकूबाईनं कागद सोडला. मला डाव्या हातात धरून अंगठा पात्यावरून फिरवला, आणि तो मध्येच थांबला. तिला कळलं. मला तिच्या अंगठ्यातून कळलं की तिला कळलं. तिनं वर बघितलं, तर पोरगं दारात तोंडभर हसत उभं.

"लई झ्याक झालाय रं सोम्या," ठकूबाई म्हणाली. "एवढ्या लांब गेलास व्हय माझ्यासाटी?"

दुसऱ्या दिवशी हनुमंताच्या खाचरात इर्जिक होती. ओळ लागली. ठकूबाई बांधाच्या कडेला, शेजारी हनुमंताची सून रत्ना, पलीकडं चंद्राबाई, आणि मधल्या पातीवर सोमनाथ. ठकूबाईनं उजव्या हातात भाताची मूठ धरली आणि मला ओढलं. मी घसरलो. पात्याचा उतार भलतीकडं, दाताची पकड नाही, दवानं ओली भाताची ताटं. पुन्हा ओढलं, निम्मी ताटं तुटली, निम्मी वाकली. ओळ पुढं सरकली, ठकूबाई मागं राहिली.

"काय गं ठके," चंद्राबाईनं हाळी दिली, "मशीनची धार आन तूच मागं? आता मी गाडी पाठवू का तुला?"

सगळे हसले. ठकूबाईही हसली. रत्ना मात्र वाकून बघत होती. "काकी, इळा चालंना का? माझा घ्या."

"तुझा उजवा," ती हळूच म्हणाली. "आन माझा चालतोय की." तिनं सोमनाथकडं एक नजर टाकली. तो ऐकत होता. "हातच जड झालाय गं मेला."

ते ऐकून मला भिमाच्या भट्टीत परत जावंसं वाटलं. ज्या हातावर तिचं सगळं होतं, त्या हातालाच तिनं बोल लावला. का? तर पोराचं तोंड पडू नये.

मग ती जोर लावायला लागली. माझ्यासारख्या निसरड्या पात्याला जोर लावणं म्हणजे साप दाबणं. मूठ घट्ट धरली, दात-ओठ खाऊन मला ओढलं, आणि मी ताटांवरून सरकत वर गेलो तो तिच्या उजव्या बोटांत. भाताला जी धार लागत नव्हती, ती तिथं बरोबर लागली. शरम वाटते सांगायला.

रत्नानं किंचाळून पदर फाडला. हळद आणली. जीपनं वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, टाके पडले. आतली शीर तुटली होती, बोटं परत मिटली नाहीत. ज्या हाताची मूठ वळत नाही, तो भात धरणार कसा?

इर्जिकीची वाटणी मानसिंग बघायचे. मोठा माणूस, मनानं चांगला. ओट्यावर येऊन बसले. "वैनी, यंदा तुमचं भात आमी काढतो. पुढच्या सालापासनं तुमचा हात धरायचा न्हाई. तुमी आता बसून खायचं."

सोमनाथनं मान हलवली. "बघा की काका. म्या येवढी धार लावून आनली, तरी झेपलं न्हाई. वय झालं आता आईचं."

"व्हय बाबा," ठकूबाई म्हणाली. "झालं वय."

तिच्या शेताची पाळी आली. सगळे आले, एकही घर मागं राहिलं नाही. बांधाच्या कडेच्या पातीवर रत्ना उभी राहिली, उजव्या हातानं. ठकूबाई बांधावर बसून होती, पट्टीतला हात मांडीवर घेऊन. चंद्राबाईनं दिवसभर तिला एका शब्दानं चिडवलं नाही. ठकूबाई तेव्हा रडली. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं.

जायच्या दिवशी सोमनाथ सामान बांधत असताना रत्ना मला ओट्यावरून उचलून, पदराखाली घेऊन मागच्या दारानं आली.

"काकी, ह्याचे दात घासून टाकल्यात. तुमचा हात न्हाई चुकला. मी सांगते सोमनाथ भावजींना, मानसिंग मामंजींनाबी सांगते."

"सांगितलंस तर माझी आन हाय तुला." ठकूबाईनं मला तिच्याकडून काढून घेतलं. "जन्मभर त्याला वाटत ऱ्हाईल, म्याच आईची बोटं तोडली. ते वझं का घालू पोरावर? हात गेला तो माझा गेला."

"आन हे घर, खाचरं?"

ठकूबाईनं मला वळचणीला खोचलं, डाव्याच हातानं, आणि दाराला कुलूप पडलं.

तेव्हापासून मी इथं आहे. वारं लागतं, पाणी ठिबकतं. तुमच्यापैकी कुणी ह्या बाजूला आलं तर मला काढून खुशाल भंगारात टाका, माझं काही म्हणणं नाही. पण एक मागणं आहे. रत्नानं शपथ पाळली, मी तुमच्यापाशी मोडली, सांगितल्यावाचून राहवेना म्हणून. ते तुमच्यापाशीच राहू द्या.

कधी वरव्याला गेलात आणि सोमनाथ भेटला, तर तो तुम्हाला सांगेल, आईला काम झेपेना म्हणून इकडं आणलीय. त्याला हो म्हणा. ठकूबाई शेजारीच बसलेली असेल. तीही हो म्हणेल.