काळी खिडकी

गोत्री भागातल्या हिंमतरावांच्या रक्ततपासणी लॅबच्या ऑफिसात सगळे चपला काढून उभे होते. सर्व्हरला झेंडूचा हार घातलेला, समोर धूप, आणि कीबोर्डवर बोटं नाचवणारे सर्व्हरमहाराज. तोंडाने 'ॐ मेमरीदेवाय नमः' चालूच होतं. पाच मिनिटांत बंद पडलेला प्रोग्राम सुरू झाला आणि लोकांनी हात जोडले.

"आ स्क्रीनवरची काळी खिडकी उघडीच ठेवा, तो देवाचा डोळा छे," महाराज म्हणाले. "आणि या बेनचा हात यंत्राला लागू देऊ नका. पनोती आहे, अपशकुनी."

या बेन म्हणजे इथला कॉम्प्युटर सांभाळणारी निरुपमा. दसऱ्याला तिनेच सर्व्हर बंद करून पुसला, कुंकू लावून पुन्हा सुरू केला, आणि तेव्हापासून रक्ततपासणीचे रिपोर्ट निघेनात.

"उद्यापासून येऊ नका," हिंमतराव तिच्याकडे न बघता म्हणाले.

घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, सगळा भार हिच्या नोकरीवर. सगळ्यात वाईट हे, की क्षणभर तिलाही वाटलं, खरंच आपला हात वाईट असेल.

मंडळी प्रसादाला वळली. तिने भीतभीत त्याच खिडकीत वरच्या बाणाची कळ दाबली. महाराजांनी टाइप केलेली ओळ समोर आली. ती तिने दोनदा वाचली.

"हिंमतकाका, इकडे या. आपला प्रोग्राम पायथॉनचा, रक्ताचं गणित सी भाषेतल्या लायब्ररीत, म्हणजे तयार गणितांच्या फाइलीत. तिच्या इथे दोन प्रती आहेत. प्रोग्रामला जुनी आधी सापडते, आणि तिच्यात हवं ते फंक्शन, म्हणजे ते गणितच नाही; दसऱ्यापासून स्क्रीनवर हेच लिहून येत होतं. या ओळीने सांगितलंय, नवीन फोल्डरात आधी बघ. पण ते या खिडकीपुरतंच. हे मशीन बसवलं महाराजांनीच, लहरीपुऱ्यात त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं तेव्हा. तेव्हाही हीच ओळ टाइप करून त्यांनी खिडकी तशीच उघडी सोडली होती. दसऱ्याला ती बंद झाली."

तिने खिडकी बंद केली. प्रोग्राम थांबला.

"जोयुं ने, बघितलंत? पनोती," महाराज म्हणाले.

तिने नवी खिडकी उघडली आणि धूप न लावता तीच ओळ टाइप केली. प्रोग्राम चालू. मग ती ओळ कायमच्या सेटिंगमध्ये लिहून मशीन दोनदा बंद-चालू केलं. तरी चालू. महाराज चपला शोधू लागले.

"उद्या या, निरुपमाबेन," हिंमतराव पुटपुटले.

"येईन. पण माझा हात वाईट नव्हता, हे आधी सगळ्यांसमोर सांगा."

त्यांनी सांगितलं. तेव्हा कुठे तिला रडू आलं.

यंत्र अडलं, की का अडलं ते बहुतेक वेळा स्क्रीनवरच लिहून येतं. ते वाचायचं सोडून आपण दोष द्यायला एखादी बाई शोधतो. आधी ते वाचा.