सर्जनचे बूट

ऑपरेशन थिएटरच्या काचेपलीकडे सर्जनने बूट काढून बाजूला ठेवले आणि अलीकडे जमलेल्या नातेवाइकांनी हात जोडले.

"एवढा मोठा डॉक्टर, पण यंत्रापुढे बूट काढून बसतो," कुणीतरी कुजबुजलं.

शस्त्रक्रियेचं नवं यंत्र आल्यापासून रुग्णालयात हेच चाललं होतं. ते स्वतः विचार करतं, कुठे कापायचं ते त्यालाच कळतं. व्यवस्थापक तर त्याचं असं गुणगान करत, की एखाद्या बुवाच्या चेल्याने त्यांच्याकडे शिकवणी लावावी. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई ऐकून ऐकून विटल्या होत्या.

मग एका मास्तरीणबाईंच्या गळ्यातली गाठ त्या यंत्रावर काढली गेली, आणि गाठीबरोबर आवाजही गेला. आवाजाची नस कापली गेली होती. शिकवण्यावरच ज्यांचं पोट, त्यांना आता कुजबुजण्यापलीकडे बोलता येईना. त्यांना घेऊन धाकटी बहीण जाब विचारायला आली.

"कुठे कापायचं ती रेषा यंत्राने आखली," व्यवस्थापक मधाळ आवाजात म्हणाले. "त्याची बुद्धी आपल्यापलीकडची. त्याच्या मनात काय आलं, ते आपण कोण सांगणार?"

"मग दावा कुणावर लावू? यंत्रावर?"

"तेच तर ताई. दोष कुणाचाच नाही."

सर्जन खाली मान घालून बसला होता. माणूस वाईट नव्हता. आयती पळवाट कोण सोडतो? डॉक्टरीणबाईंना बोलायचाही कंटाळा आला होता आणि गप्प राहायचाही. शेवटी त्यांनी विचारलं, "सर्जन बूट का काढतात, माहीत आहे?"

"श्रद्धा असेल," बहीण म्हणाली.

"श्रद्धा कसली. खाली पेडल असतं, बुटातून ते नीट कळत नाही. यंत्र पडद्यावर हिरवी रेषा दाखवतं, इथे कापा म्हणून सुचवतं. बस. पायाने पेडल दाबल्याशिवाय ते कागदसुद्धा कापणार नाही. मी रुग्णाच्या उशाशी बसते, मला तो पाय दिसतो. त्या दिवशी रेषा उमटली आणि लगेच पाय दाबला गेला. नस कुठे आहे हे बघायला कुणी थांबलं नाही. कोर्टात विचारलं तर तिथेही हेच सांगेन."

"पण बाई, यंत्र इतकं हुशार..." बहीण म्हणाली.

"असू दे हुशार. सल्ला देणारा हुशार असला म्हणून करणारा सुटत नाही. रेषाच चुकीची असेल तर यंत्र बनवणाऱ्यांना विचारा, न तपासता ते आणणाऱ्या आमच्या रुग्णालयालाही विचारा. पण कुणीच काही केलं नाही, यावर विश्वास ठेवू नका. कुणी कापल्याशिवाय नस कापली जात नाही."

मास्तरीणबाई पुढे झुकल्या. त्यांचं ऐकायला सगळ्यांना श्वास रोखावा लागला.

"पाय कुणाचा होता?"

व्यवस्थापकांनी तोंड उघडलं. सर्जनने हातानेच त्यांना थांबवलं.

"माझा," तो म्हणाला.